डावीकडून, खालून

३ ऑगस्ट, शनिवार

आमच्या तुकडीचा एक नियम आहे. जो पडला त्याने आपलं मरण स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचं: किती उंचीवर होता, वेग किती होता, शेवटचं काय दिसलं आणि शत्रू कुठून आला. मग रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरी माते, म्हणजे आपला कडू पाल्याचा चहा, भरून कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि एकेकाने आपलं मरण वाचून दाखवायचं. नियम तबोर्दाचा. कॉम्प्युटरवरच्या या विमानांच्या लढाईत तो आमचा म्होरक्या. पराना शहरात त्याचं मांसाचं दुकान आहे आणि दुसऱ्याच्या चुका तो मांसातल्या हाडासारख्या अलगद काढून समोर ठेवतो.

आजवर माझं सुट्या कागदांवर भागत होतं. एकसष्टीचा असलो तरी महिन्यातून दोनदा पडलो तर पडलो. जुलैच्या मध्यापासून मात्र काहीतरी बिनसलं आहे. आज एकाच दुपारी दोनदा पडलो, म्हणून बहिणीच्या, सुलेमाच्या, कपाटातून ही वही उचलली. पानं भरपूर आहेत, तेव्हा मरणांच्या मधलं जगणंही लिहीन म्हणतो.

मरण पहिलं. स्पिटफायर, उंची तीन हजार मीटर. उजवीकडे खाली शत्रूचं एक मेसरश्मिट विमान दिसलं. उंची म्हणजे साठवून ठेवलेला वेग, खाली झेप घेतली की तो हाती येतो. मी झेप घेतली आणि वाटेतच मेलो. शत्रू कुठून आला: डावीकडून, खालून. दिसला नाही.

मरण दुसरं. वरीलप्रमाणे.

दोन्ही वेळा मारणारा एकच, कार्पिंचो. नदीकाठी चिखलात पडून असणाऱ्या त्या लठ्ठ जनावराचं नाव या माणसाने हौसेने घेतलं आहे. खरं नाव विल्मार, नदीपलीकडच्या पायसांदूचा. पाच ऑक्टोबरला आमचा काठ विरुद्ध त्यांचा काठ असा कप आहे. दोन वर्षं तो त्यांच्याकडेच आहे.

६ ऑगस्ट, मंगळवार

आम्ही दुपारी दोन ते चार उडतो, सगळं गाव झोपलेलं असताना. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी माझ्या व्हॅनमधून चार माणसांना डायलिसिससाठी राफाएलाच्या दवाखान्यात नेतो आणि आणतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी लढाऊ वैमानिक. रविवारी मी मेलेला.

आज पुन्हा तोच, पुन्हा तिथूनच. राग आला, पण रागापेक्षा कुतूहल जास्त. हा करतो तरी काय? सूर्याकडून यावं तर सूर्य वर आहे आणि हा येतो खालून. विमान हिरवं रंगवून शेतांच्या रंगात लपतो म्हणावं, तर उजवीकडे तेच हिरवं विमान मला दोन किलोमीटरवरून दिसतं. उरतो माझाच पंख. पंखाखाली जी जागा झाकली जाते तिथे हा दबा धरून येत असणार. म्हणजे चढताना, सरळ जाताना, दर दहा सेकंदांनी विमान कलतं करून पंखाखाली डोकावायला हवं. गुरुवारी करून बघतो.

८ ऑगस्ट, गुरुवार

दर दहा सेकंदांनी डोकावलो. मोजून. नवव्या डोकावण्यानंतर मेलो. डावीकडून, खालून.

९ ऑगस्ट, शुक्रवार

फाटकातून निघताना व्हॅनचा डावा आरसा खांबाला घासला. हा खांब तीस वर्षं तिथेच आहे, हे सुलेमाने मला दोनदा ऐकवलं. माझी ही धाकटी बहीण नवरा गेल्यापासून माझ्याकडे राहते. बावीस वर्षं तिने गोठ्यागोठ्यांवरून दूध गोळा करायचा ट्रक चालवला, चाळिसाच्या वर काटा कधी जाऊ दिला नाही, आणि त्या जोरावर ती मला गाडी चालवण्याबद्दल शिकवते.

दुपारच्या जेवणात म्हणाली की मी हल्ली बटाट्याचं पुरे, तो लोण्यात कुस्करलेला बटाटा, ताटात मुद्दाम ठेवतो. ताटात एका कोपऱ्यात खरंच राहिलं होतं. मी म्हटलं, नऊ जुलैला तू घातलेल्या लोक्रोनंतर तुझ्या हातच्या मऊ पदार्थांचा मी धसका घेतला आहे. त्या दिवशी तिच्या त्या मक्या-मांसाच्या रश्शाने मला दिवसभर उलट्या झाल्या, डोकं फुटायची वेळ आली आणि संध्याकाळी टीव्हीवरच्या स्वातंत्र्यदिनाच्या परेडमधले अर्धे घोडेही मला दिसेनात. बाकी कोणाला काही झालं नव्हतं, पण ते सगळे पोटाने दगड. सुलेमा तेव्हापासून दुखावलेली आहे. मला गंमत वाटते, म्हणून मी विषय सोडत नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज एक मारला! कार्पिंचो नव्हे, त्यांचाच दुसरा कोणी. माझ्या शेपटीला लागला होता. मी त्याला कात्रीत घेतलं: तो उजवीकडे वळला की मी डावीकडे, मग उलट, प्रत्येक वेळी वेग थोडा मारायचा. ज्याला धीर नसतो तो पुढे निघून जातो आणि मग शेपूट त्याची असते. गडी पुढे गेला, उजवीकडे मोठा होत होत समोर आला, मी बटण दाबलं. तबोर्दा रेडिओवर म्हणाला की असं काम तो दुकानाच्या काचेत टांगून ठेवेल.

त्यानंतर दीड मिनिटाने कार्पिंचोने मला मारलं. कुठून ते लिहायचाही कंटाळा आला आहे.

२८ ऑगस्ट, बुधवार

सकाळी गावाचा रस्ता महामार्गाला मिळतो तिथे थोडक्यात निभावलं. मी थांबलो, दोन्हीकडे पाहिलं, मोकळं होतं, गाडी काढली. आणि एक मोटरसायकलवाला एकाएकी माझ्या पुढच्या चाकाशी. ब्रेक मारला. तो शिव्या देत वळसा घालून गेला. ही गोठ्यांवर जाणारी पोरं दिवा न लावता बंदुकीच्या गोळीसारखी येतात, कुठून येतात ते देवच जाणे. मागे बसलेल्या माझ्या चौघांपैकी म्हाताऱ्या दोन्या चोलाने छातीवर क्रूस काढला. डॉन एलादियोची पिशवी उलटून संत्री गाडीभर घरंगळली, ती गोळा करण्यात राफाएला आलं.

कोणीच काही बोललं नाही. नाहीतर डॉन एलादियो सरकारपासून हवामानापर्यंत सगळ्यांना वाटेत झाडून काढतो.

२ सप्टेंबर, सोमवार

दोन्या चोलाने जागा बदलली. सहा वर्षं ती उजव्या खिडकीशी बसत होती, आता डावीकडे, बरोबर माझ्या ड्रायव्हरच्या सीटमागे. म्हणते, तिथे ऊन छान येतं. पहाटे साडेपाचला कुठलं ऊन, पण म्हातारीशी कोण वाद घालणार. शिवाय ती बडबडी झाली आहे. दिसेल ते सांगते: सायकल आहे हं डेल्फोर, कुत्रा आहे बघ, तो ट्रक किती मोठा. यंत्राला जोडून घ्यायची भीती अशी बाहेर पडत असेल. मी हो हो करतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. वाटेत सोबत होते.

८ सप्टेंबर, रविवार

मरणांचं वाचन. पलीकडच्या काठाचे लोकही आज पाहुणे होते. मी माझी या आठवड्यातली सात मरणं वाचली. प्रत्येकाचा शेवट एकाच ओळीने होत होता, त्यामुळे चौथ्यापासून सगळे ती ओळ माझ्याबरोबर म्हणायला लागले. मीही हसलो.

तबोर्दा हसला नाही. तो म्हणाला, "सात वेळा एकाच दारातून चोर येतो आणि तू कुलपं बदलत बसलास. दार बघ."

मी म्हटलं, दारच तर बघतोय, तिथे कोणी नसतं. विल्मार सगळा वेळ गप्प होता. जिंकणाऱ्याने असं गप्प बसणं मला उद्धटपणाचं वाटलं.

सुलेमाचं काहीतरी चाललं आहे. या आठवड्यात दोन वेळा ती चांगले बूट घालून नगरपालिकेकडे गेली आणि विचारलं तर म्हणाली, काम होतं. तिथे खिडकीवर एक विधुर बसतो, मिशीवाला. लक्ष ठेवायला हवं.

१४ सप्टेंबर, शनिवार

नवी युक्ती: डावीकडेच बघत उडायचं. माझ्या टोपीला एक चिमटी आहे, मी मान वळवली की खेळातल्या वैमानिकाची मानही वळते. आज मी मान डावीकडे वळवूनच ठेवली. आकाश स्वच्छ, शेतं, नदीचं वळण, सगळं दिसत होतं. तसंच बघता बघता पेटलो.

हे काही डावपेचांत बसत नाही. मी तिकडे बघत होतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विल्मारने फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला आहे. पाच वेळा ऐकला. जसा आहे तसा उतरवून ठेवतो:

"डेल्फोर, हे कपाच्या आधी तुला सांगितलं म्हणून माझेच लोक मला नदीत बुडवतील. ऐक. ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आलं की डावीकडून खालून आलं की तू वळतच नाहीस. मला वाटलं, म्हातारा आळशी आहे, आपलं फावलं. पण शनिवारचं रेकॉर्डिंग मी बघितलं. तुझी मान माझ्याकडे होती. मी तुझ्या पडद्यावर होतो, डावीकडे, खाली. पूर्ण चार सेकंद. मी मुद्दाम पंख हलवले, सलाम करतात तसे. तू सरळ माझ्याकडे बघत होतास आणि तू मला पाहिलं नाहीस. उजवीकडून मी मुंगीएवढा असताना ओळखतोस. हा डावपेच नाही रे बाबा. तू डोळे दाखव. आणि तू गाडी चालवतोस ना? माणसं नेतोस ना तू?"

मी उत्तर पाठवलं की कपाच्या आधी माणसाचं डोकं फिरवायची ही पायसांदूची रीत असेल, आमच्याकडे नाही. मला सगळं स्वच्छ दिसतं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी चष्म्याशिवाय वाचतो. पाठवल्यावर वाटलं, जरा जास्तच झालं. पण राग खरा आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

राग खरा होता, पण कुतूहल त्याहून जुनं. आज गाडी चालवताना मी एकच काम केलं. दोन्या चोला ज्या ज्या वस्तूचं नाव घेईल ती मला आधी दिसली होती का, आणि ती कोणत्या बाजूला होती, हे मोजलं. हळू चालवली, सुलेमाच्या चाळिसाने.

जाताना अकरा वेळा बोलली. अकराही वेळा डावीकडचं. मला आधी दिसल्या होत्या दोन गोष्टी, त्यातला एक पाण्याचा टँकर. उजवीकडे शाळेची पोरं होती, गाढव होतं, जळणाची गाडी होती, त्यांच्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

दवाखान्याच्या दारात बाकीचे आत गेल्यावर मी तिला थांबवलं आणि विचारलं की ती माझ्या मागे का बसते. दोन्या चोला ऐंशीची आहे. खोटं बोलायची तिची तयारी होती, तोंड उघडलंही होतं. मग म्हणाली, "तुला त्या बाजूचं दिसत नाही, मुला. मोटरसायकल आम्हा सगळ्यांना दिसली होती. आम्ही पाळ्या लावायचं ठरवलं होतं, पण एलादियोला झोप लागते, म्हणून मीच बसते."

मी विचारलं, मला सांगितलं का नाही.

"सांगितलं असतं तर तू चालवायचं सोडलं असतंस. मग आम्हाला कोण आणणार होतं? तीन वेळा नाही आलो की आम्ही मरतो. तुझ्याबरोबर मरायचं ते निदान कदाचित."

हे 'कदाचित' मी येताना सगळी वाट ऐकत होतो. त्यांना परत आणायचं होतं, आणलं. डाव्या बाजूचं ती बोलत होती आणि मी पहिल्यांदा तिचं ऐकून ब्रेक मारत होतो. मला लाज वाटली. विमान पाडलं जातं तेव्हा नवीन घेऊन उडता येतं. मी दहा आठवडे या चौघांना तशाच विमानात बसवलं होतं.

घरी येऊन चावी टेबलावर ठेवली आणि सुलेमाला म्हटलं की सोमवारी कोणीतरी दुसरं बघावं लागेल. तिने चावी उचलून एप्रनच्या खिशात टाकली. तिचं माणसं नेण्याचं लायसन्स मागच्या आठवड्यातच नगरपालिकेतून नवं होऊन आलं आहे. मिशीवाल्याचा काही संबंध नव्हता. मी विचारलं, तुला कधी कळलं? तिने बटाट्याच्या पुरेचं नाव घेतलं. रोज एकाच कोपऱ्यात राहायचं.

विल्मारला दोन ओळी लिहिल्या. माफी मागणं मला नीट येत नाही, पण तो समजला असावा. उत्तरात त्याने नुसते पंख हलवणारं विमान पाठवलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डोळ्यांची डॉक्टर तरुण आहे. अक्षरं वाचून घेतली, खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. मनात म्हटलं, बघा. मग तिने मला अर्ध्या भोपळ्यासारख्या एका पांढऱ्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.

बटण! मी अंगठा तयारीने ठेवला. आयुष्यात इतक्या नेटाने कुठली लढाई लढलो नव्हतो. दिवा लागला की दाबलं, लागला की दाबलं. एकही सोडला नाही. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच. यंत्र मात्र जुनाट असावं, मधून मधून अडकायचं. पाच-सहा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरू.

संपल्यावर मी तिला सांगितलं की मी सगळे पकडले, पण तुमचं यंत्र मध्ये मध्ये बंद पडतं, दुरुस्त करून घ्या.

तिने यंत्रातून निघालेला कागद माझ्यासमोर ठेवला. मग माझं आडनाव घेऊन म्हणाली, "ते एकदाही थांबलं नव्हतं, बेर्तोलिनो."

कागदावर दोन गोल होते, दोन डोळ्यांचे. दोन्ही गोलांत डावीकडचा खालचा कोपरा काळा होता. अगदी सारखा. मी आठ आठवडे जे वहीत लिहीत होतो ते तिच्या यंत्राने सोळा मिनिटांत काढून दिलं.

डोळे चांगले आहेत म्हणाली. डोळ्यांतून आलेलं जिथे पोचतं तिथली, मेंदूतली, एक बारीक जागा रक्त न मिळून गेली आहे. आता फोटो काढतील, गोळ्या देतील. गेलेलं बहुतेक येणार नाही, पुढचं वाचवायचं. तिने विचारलं की दोन-तीन महिन्यांपूर्वी कधी जोराचं डोकं दुखून उलट्या झाल्या होत्या का.

दारात उभ्या सुलेमाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. लोक्रो निर्दोष होता.

एक गोष्ट मात्र मला अजून चक्रावून टाकते. तिथे मला काळं काही दिसत नाही. भोक नाही, पडदा नाही. डॉक्टर म्हणाली, जे दिसत नाही तिथे डोकं आजूबाजूचंच चित्र पसरून देतं. म्हणजे ते स्वच्छ आकाश, नदीचं ते वळण माझंच मी काढत होतो. आणि त्या सकाळचा मोकळा रस्ताही. त्या मोटरसायकलवाल्यावर मी एक रिकामा रस्ता काढून पसरला होता. त्याचं नाव मला माहीत नाही. तो जिवंत आहे, शिव्या देत गेला, याचं मला आज रडू आलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

कप. तबोर्दाला मी सगळं सांगितलं होतं. त्याला वाटलं होतं मी येणार नाही. मी म्हटलं, इथे मेलो तर फक्त वही भरते. तो सगळा वेळ माझ्या डाव्या पंखाशी उडत राहिला, जराही हलला नाही, त्यामुळे त्याची स्वतःची शिकार बुडाली. मी प्रत्येक वळण असं घेतलं की शत्रू उजवीकडे राहावा. हे वाईट आहे, सगळ्यांना कळतं तू कुठे वळणार. पण दोन पाडले.

विल्मार शेवटी आला. डावीकडून नाही. उजवीकडे वर, सूर्याच्या कडेला, दोन किलोमीटरवर मला ठिपका दिसला. तो ठिपका मुद्दाम तिथे होता. आम्ही दोघं सहा मिनिटं एकमेकांभोवती फिरलो. तो वळण कापायला वर चढायचा, मी आत घुसायचो, तो पुन्हा वर. शेवटी माझा वेग संपला आणि त्याचा उरला होता.

मरण तेविसावं. उंची चारशे मीटर. शत्रू कुठून आला: उजवीकडून, वरून. शेवटचं काय दिसलं: तो. सगळा.

कप पलीकडच्याच काठाला गेला.

७ ऑक्टोबर, सोमवार

दोन आठवडे मी घरी बसलो. आज सुलेमाने पहाटे हॉर्न वाजवला आणि शेजारची सीट झटकली. मी उजवीकडे बसलो. सहा वर्षांत या गाडीच्या त्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. खिडकी वर करायचं हँडल सैल आहे, हेही आज कळलं.

चाळिसाने निघालो. मला ओरडावंसं वाटत होतं, ओरडलो नाही. मागे डॉन एलादियो पुन्हा सरकारला झोडपत होता. गावाचा रस्ता महामार्गाला मिळतो त्या तोंडावर सुलेमा थांबली. पूर्ण थांबली, गिअर काढून. डावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे न बघता विचारलं, "उजवीकडे?"

मी पाहिलं. एक सायकलवाला होता, तो जाऊ दिला. पुन्हा पाहिलं, शेवटापर्यंत.

"मोकळं," मी म्हटलं.

"डावीकडेही मोकळं आहे," मागून दोन्या चोला म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती अजून त्याच खिडकीशी बसते.

सुलेमाने गाडी काढली.